डोकं घरी कशाला ठेवायचं?

एखादा मारधाडीचा, हसतखेळत जाणारा सिनेमा जरा बरा चालला की आपल्याकडे एक ठरलेला वाद सुरू होतो. एक बाजू म्हणते, लोकांची अभिरुची रसातळाला गेली. गाड्या उडतात, माणसं उडतात, गोष्टीचा पत्ता नाही आणि पब्लिक शिट्ट्या मारतंय. दुसरी बाजू म्हणते, अहो, दिवसभर डोक्याला ताप असतो, दोन तास डोकं घरी ठेवून जावं नि मजा करून यावं, तुम्हाला काय त्रास? नाशिकमध्ये हा वाद मी वाचनालयाच्या पायरीवर ऐकलाय, मिसळीच्या टेबलावर ऐकलाय आणि परवा एका लग्नाच्या पंगतीत मठ्ठा येईपर्यंत ऐकला. हे दोघं खरं तर भांडतच नाहीत. दोघंही एकच गोष्ट धरून चाललेले असतात, की हलका सिनेमा म्हणजे बिनडोक सिनेमा. मतभेद एवढाच, की बिनडोकपणाला परवानगी द्यायची की नाही.

मला हे मुळातच मान्य नाही. जुन्या मित्रांबरोबर थिएटरात बसून हलकाफुलका ॲक्शनपट पाहणं ही चांगली गोष्ट आहे, असं मी कुठलीही सबब न सांगता म्हणतो. त्यासाठी डोकं बरोबर न्यावं लागतं. आणि ज्या हलकेपणाला एक बाजू नाक मुरडते व दुसरी बाजू ज्याबद्दल माफी मागते, तोच त्या सिनेमाचा खरा गुण आहे, कारण त्याच्यामुळे शेजारच्या खुर्चीतल्या माणसासाठी जागा उरते. गंभीर सिनेमा आपल्याला पुरता व्यापून टाकतो. तो त्याचा हक्कच आहे. तसे सिनेमे मीही पाहतो आणि शक्यतो एकटाच पाहतो. तिथे शेजारी कोण बसलंय याने फारसं बिघडत नाही. हलक्या सिनेमात मात्र त्याच्यावरच निम्मं अवलंबून असतं.

अभिरुचीवाल्यांचा पहिला आधार असतो इतिहास. पूर्वी सिनेमा संस्कार करायचा, आता नुसता धिंगाणा उरला, वगैरे. नाशिकमध्ये बसून हे बोलायला तसं धाडसच लागतं. दादासाहेब फाळके इथले, त्र्यंबकेश्वरचे, जन्म १८७०. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत झळकला आणि त्यानंतर फाळक्यांनी कुटुंबकबिल्यासह सगळा पसारा नाशिकला हलवला. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे, शाळांच्या सहली तिथे जातात. पण आपण त्यांना इतकं पूज्य करून ठेवलंय की हा माणूस स्वतःचंच आडनाव उलटं करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने जादूचे प्रयोग करायचा, हे सोयीस्कर विसरतो. १९१७च्या ‘लंकादहन’ला इतकी गर्दी लोटली की गल्ल्याचे पैसे बैलगाडीतून न्यावे लागले, असं सांगतात. आख्यायिका थोडी फुगवलेली असेल. पण लोक नेमकं काय पाहायला येत होते? रामकथा तर गावोगावच्या कीर्तनात फुकट ऐकायला मिळत होती. इथे मारुती उडताना दिसत होता, त्याची शेपटी पेटत होती आणि लंका भडाभडा जळत होती. राम आणि सीता दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच नटाने केल्या होत्या आणि त्याचीही कुणी तक्रार केली नाही. दोनच वर्षांनी ‘कालियामर्दन’ आला; त्यात फाळक्यांची लेक मंदाकिनी कृष्ण झाली आणि पाण्याखाली नागाशी झुंजली. आता याला काय म्हणायचं? भक्ती होती, हे खरंच. पण भक्ती आणि करामत एकाच तिकिटात मिळत होती, आणि फाळक्यांनी जिवाचं रान केलं ते करामतीसाठी.

पुढे नाशिकच्याच एका चित्रपट कंपनीत तरुण वि. वा. शिरवाडकरांनी ‘सती सुलोचना’ची पटकथा लिहिली, एवढंच नव्हे तर तोंडाला रंग लावून लक्ष्मणही केला. कुसुमाग्रजांना पुढे ज्ञानपीठ मिळालं. तो धनुष्यबाण काही त्याच्या आड आला नाही.

आता दुसऱ्या बाजूकडे वळतो, कारण माझा जास्त राग तिच्यावर आहे. ‘डोकं घरी ठेवा’ म्हणणारे स्वतःला सिनेमाचे मित्र समजतात आणि त्याचा सगळ्यात मोठा अपमान तेच करतात. १९८३ साली आलेल्या एका हाँगकाँगच्या सिनेमात जॅकी चॅन घड्याळाच्या मनोऱ्याच्या काट्याला लटकतो. हात सुटतो, खाली ताणलेली कापडी छतं फाडत तो जमिनीवर आदळतो. कॅमेरा नजर हटवत नाही. आणि मग तेच पडणं पुन्हा, दुसऱ्या टेकमधलं, लगेच दाखवलं जातं. जणू सांगतात, खोटं वाटतंय ना, हे घ्या आणखी एकदा. घड्याळाला लटकण्याची कल्पना मूकपटांतला विनोदवीर हॅरॉल्ड लॉइडने १९२३ मध्ये केलेल्या करामतीवरून आलेली, आणि त्याच परंपरेत १९२८ साली दुसरा मूकपटवीर बस्टर कीटन याच्या अंगावर अख्ख्या घराची पुढची भिंत कोसळते आणि नेमक्या उघड्या खिडकीच्या चौकटीतून तो वाचतो. भिंत खरी होती, जड होती. हातभर इकडेतिकडे झालं असतं तर संपलं होतं. हे पाहताना आपण एकाच वेळी हसतो आणि श्वास धरतो, ते का? कारण मनोरा किती उंच, छत कुठे, माणूस कुठे, हे दिग्दर्शकाने आधी नीट दाखवून ठेवलेलं असतं. आपलं डोकं तो हिशोब सतत करत असतं. डोकं घरी ठेवलं तर उरतं काय? नुसता आवाज.

वाईट ॲक्शन ओळखायलाही तेच डोकं लागतं. दर सेकंदाला कट, कोण कुणाला मारतोय कळत नाही, गाडी कुठल्या रस्त्यावरून कुठल्या शहरात शिरली देव जाणे. आमच्यातला एक मित्र अंबडच्या कारखान्यात सीएनसी मशिनवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रावर असतो. अशा वेळी तो खुर्चीत चुळबुळत म्हणतो, ‘‘ह्याला काही वजनच नाही रे. एवढा ट्रक उलटला आणि धूळ नाही उडाली?’’ दिवसभर लोखंड हाताळणाऱ्या माणसाची ही समीक्षा आहे आणि ती बऱ्याच छापील परीक्षणांपेक्षा खरी आहे. कथा, अभिनय, संगीत, छायाचित्रण असं सगळं उरकून ‘हाणामारी ठीक’ एवढ्या दोन शब्दांत आपले परीक्षक तो भाग निकालात काढतात. फाइट मास्टर कोण, हे लिहायची तसदी किती जण घेतात? राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांनाही हे उशिराच सुचलं. साहसदृश्यांच्या दिग्दर्शनासाठी पहिला पुरस्कार मिळाला तो ६४व्या वर्षी, २०१७ साली जाहीर झालेल्या यादीत. हॉलिवूडच्या ऑस्करमध्ये तर स्टंटची वेगळी श्रेणी २०२७च्या सिनेमांपासून सुरू व्हायची आहे.

असो. अभिरुचीवाल्यांचा एक युक्तिवाद मात्र वरवर फार सज्जन वाटतो, की हलकं समोर ठेवणं कमी केलं तर लोक आपोआप चांगल्याकडे वळतील. याचा प्रयोग आपल्या देशात एकदा मोठ्या प्रमाणावर करून झालाय. १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. पुण्याचा माणूस, विद्वान, संगीताचा जाणकार. आकाशवाणीवर शास्त्रीय संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम त्यांच्याच काळात सुरू झाला आणि अनेक गवयांना त्याने हात दिला. त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण याच केसकरांच्या राजवटीत आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपार झाली. मग लोक काय यमन-बागेश्री ऐकत बसले? त्यांनी काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावला. त्याच साली तिथे अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि बुधवारची संध्याकाळ तिने खाऊन टाकली. १९५७ साली सरकारलाच विविध भारती काढावी लागली. आजही ‘असले सिनेमे बघता तरी कसे’ म्हणून मित्रांना लाजवलं, तर ते काही अभिजात सिनेमाच्या महोत्सवाला जाऊन बसत नाहीत. ते सोफ्यावर आडवे होऊन रील्स सरकवतात. थिएटरातला ॲक्शनपट आणि रील्स यांत अभिरुचीच्या दृष्टीने वरचं काय आणि खालचं काय, हे या मंडळींनी एकदा सांगून टाकावं.

मालेगाव आमच्याच जिल्ह्यात. यंत्रमागांचं गाव, शुक्रवारी माग बंद आणि थिएटरं भरलेली. मारधाडीच्या सिनेमाचं वेड तिथे पिढ्यान्‌पिढ्यांचं आहे. त्या वेडाने लोकांना मठ्ठ केलं असेल, तर तिथल्या पोरांनी शोलेची नक्कल करत स्वतःचा थट्टापट कसा काढला? यंत्रमागावर काम करणारा एक हडकुळा तरुण तिथे सुपरमॅन होऊन कसा उडाला, आणि त्याच्यावरच्या माहितीपटाचं कौतुक बाहेरच्या जगाने का केलं? हलकं पाहणारे हलकंच का होईना, करायला लागतात. त्याच मालेगावात २०२३च्या दिवाळीत सलमान खानच्या सिनेमाच्या खेळात लोकांनी थिएटरच्या आत फटाके फोडले, रॉकेटं सोडली, चेंगराचेंगरीची वेळ आली, हेही विसरता येत नाही. तो निव्वळ जीवघेणा मूर्खपणा होता. खुद्द सलमानने तसं सांगितलं आणि पोलिसांनी अटकही केली. पण गर्दीचा उन्माद ही सिनेमाची मक्तेदारी नाही. विसर्जनाच्या मिरवणुकीत, प्रचारसभेत, क्रिकेटच्या विजययात्रेत तो याहून मोठा दिसतो आणि तिथे कुणी अभिरुचीचं पुस्तक उघडत नाही.

आता मित्रांबद्दल, कारण खरा मुद्दा तिथे आहे.

चाळिशी ओलांडलेल्या पुरुषांच्या मैत्रीचं आपल्याकडे काय होतं, ते पाहा. लग्नात भेटतात, दहाव्याला रामकुंडावर भेटतात, मध्ये काही नाही. ग्रुपवर गुड मॉर्निंगचं फूल येतं, वाढदिवसाला केक येतो, तोही चित्रातला. एकाला फर्स्ट शिफ्ट, एक पुण्याला जाऊन-येऊन, एकाचं मेडिकलचं दुकान रात्री दहापर्यंत उघडं, आणि एक दिंडोरीकडे द्राक्षबागायतदार, ज्याला ऑक्टोबरात गोडी छाटणी झाली की पुढचे दोन महिने देवसुद्धा भेटू शकत नाही; डावणी हा बुरशीचा रोग यायच्या आत फवारणी, पाऊस पडला की पुन्हा फवारणी. म्हणून आमचा सिनेमा शक्यतो छाटणीच्या आधी ठरतो. कुठला, हे फारसं महत्त्वाचं नसतं. अट एकच, रडवणारा नको.

तसाच एक सिनेमा होता. मध्यंतराला आम्ही समोसे घेऊन पुन्हा खुर्च्यांत आलो, पडद्यावर टाइल्सची जाहिरात चालू होती. द्राक्षवाला पडद्याकडेच बघत म्हणाला, ‘‘बाग काढतोय. दोन एकर.’’ कुणी त्याच्याकडे वळून पाहिलं नाही. मेडिकलवाल्याने हातातला पॉपकॉर्नचा डबा त्याच्या मांडीवर ठेवला, एवढंच. मग दिवे गेले आणि हिरो हेलिकॉप्टरला लटकला. तो हसला, जोरात हसला, आम्हीही हसलो. सिनेमा सुटल्यावर पार्किंगमध्ये गाड्यांना टेकून सोसायटीचं कर्ज, एक्सपोर्टवाल्याने ऐन वेळी पाडलेला भाव, पोराचं शिक्षण, सगळं निघालं. वॉचमनने दोनदा शिट्टी मारली तेव्हा कुठे हललो.

हे तो फोनवर सांगू शकला असता का? फोन तर सगळ्यांकडे होता, महिनोन्‌महिने होता. हॉटेलात टेबलाभोवती बसून सांगू शकला असता का? टेबलावर चार जण समोरून तोंडाकडे बघतात. आमच्या पिढीच्या पुरुषाला ती चौकशी समितीच वाटते. अंधारात, शेजारी शेजारी, सगळ्यांची नजर पुढे असताना एक वाक्य निसटतं आणि पुढचा तास त्यावर कुणी काही बोलण्याची सक्ती नसते. ती सवड त्याला सिनेमाने दिली. आता कल्पना करा, आम्ही त्याला शेतकऱ्याच्या व्यथेवरचा एखादा कळकळीचा, पुरस्कारप्राप्त चित्रपट पाहायला नेलं असतं. सिनेमा उत्तम असता, शंका नाही. पण तिथे तो आमचा मित्र राहिला नसता, विषय झाला असता. मध्यंतरात आम्ही सगळ्यांनी त्याच्याकडे हळवं होऊन पाहिलं असतं आणि तो म्हणाला असता, ‘‘काय रे, चहा घ्या ना.’’ हलका सिनेमा माणसाकडून काही मागत नाही, म्हणूनच माणूस तिथे आपणहून काही देऊ शकतो.

यावर ‘मग सिनेमाच कशाला हवा, भेटा ना नुसते’ हा प्रतिप्रश्न ठरलेला आहे. नुसतं भेटणं आपल्या समाजात कधी होतं? कोजागरीला गच्चीवर जमतात ते काय दुधासाठी? पण दूध आटवल्याशिवाय कुणी जमतही नाही. निमित्त साधं हवं, स्वतःकडे फार लक्ष ओढून न घेणारं हवं. घरी ओटीटीवर तोच सिनेमा दोन महिन्यांत येतो हे मलाही माहीत आहे. तिथे थांबवता येतो, आणि तोच घोटाळा आहे. कुरिअरवाला आला, थांबव. आईचा फोन आला, थांबव. कुणाला तरी आधीच शेवट माहीत आहे. थिएटरात सिनेमा तुमच्यासाठी थांबत नाही, म्हणून तुम्ही सगळे एका लयीत असता. तीनशे अनोळखी माणसं एकाच क्षणी हसतात तेव्हा पाच मित्रांचं हसूही मोठं होतं. विजयानंद, सर्कल, विकास, हेमलता यांच्या बाल्कनीत ज्यांनी उमेदीची वर्षं घालवली, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

शिवाय आमची सामायिक भाषाही अशाच सिनेमांनी घडवली. महेश कोठारेंच्या सिनेमांतले टकलू हैवान, कवट्या महाकाल, तात्या विंचू ही नावं आमच्या वर्गात किती शिक्षकांना आणि किती काकांना चिकटली, त्याची गणती नाही. त्या काळी घरोघर ‘काय ते थिल्लर चाळे’ म्हणूनच त्यांची बोळवण व्हायची. आज तेच सिनेमे मराठीचा सुवर्णकाळ म्हणून मिरवले जातात, आणि मिरवणाऱ्यांत पूर्वी नाकं मुरडणारेही आहेत. आजच्या थिल्लरपणाला इज्जत मिळायलाही आणखी तीस वर्षंच थांबायचं का?

आता विरोधकांचा सगळ्यात भक्कम मुद्दा. हे सिनेमे हिंसा गोड करून विकतात, असं ते म्हणतात. कायदा बाजूला, कोर्ट बाजूला, हिरो गोळ्या घालतो आणि प्रेक्षक टाळ्या वाजवतात. मग बाहेर एन्काउंटर झालं की तीच टाळी वाजते. हा आरोप खोटा नाही. अलीकडच्या काही ॲक्शनपटांत रक्ताचे नुसते पाट वाहतात, सूड हाच धर्म असतो आणि शत्रूचा चेहरा कुठल्या ना कुठल्या समाजाचा असतो. तसले सिनेमे पाहून मी मित्रांबरोबर पार्किंगमध्ये उभा राहू शकत नाही. तोंडाला कडवट चव येते. पण त्यांना हलकं कोण म्हणेल? ते तर कमालीचे जड आहेत. लांबीने जड, द्वेषाने जड, स्वतःला महाकाव्य समजणारे. हलक्या ॲक्शनपटात खलनायकाची माणसं भाजीच्या गाड्यावर पडतात, कपडे झटकून उठतात आणि पुन्हा मार खायला येतात. हिरोच्या हाताला लागतं, तो हात झटकतो, ‘आई गं’ म्हणतो. तिथे मार कुस्तीसारखा, चपळाईसाठी असतो, कुणाचा तरी नायनाट झाल्याचं समाधान त्यात नसतं. टीकाकारांनी या दोन जाती एका दावणीला बांधून टाकल्या, आणि त्याचा फायदा झाला तो रक्तवाल्यांना. कारण सगळी ॲक्शन सारखीच वाईट असेल, तर निर्माता जास्त भडक तीच काढणार. सेन्सॉरने २०२४च्या नियमांनुसार यूए प्रमाणपत्राचे ७, १३ आणि १६ वर्षांवरील असे तीन भाग केले, ते मला म्हणूनच पटतं. निदान वयापुरता का होईना, त्यांनी फरक ओळखला. तो समीक्षकांनी वृत्तीपुरता ओळखायला काय हरकत आहे?

आणखी एक गोष्ट कबूल केली पाहिजे, जी टीकाकारही फारशी मांडत नाहीत. पडद्यावरचा हा खेळ कुणाच्या तरी हाडांवर चालतो. येवल्यात जन्मलेल्या ललिता पवार मूकपटांच्या काळात स्टंटपटांच्या नायिका होत्या. १९४२ साली एका चित्रीकरणात भगवानदादांची थप्पड जोरात बसली, चेहऱ्याला लकवा मारला, डावा डोळा कायमचा अधू झाला आणि नायिकेच्या भूमिका संपल्या. पुढे त्याच अधू डोळ्याने त्यांनी दोन पिढ्यांना सासू म्हणून घाबरवलं, हा त्यांचा पराक्रम. पण किंमत त्यांनी मोजली. भगवानदादा स्वतः गिरणगावच्या प्रेक्षकांसाठी कमी पैशात स्टंटपट काढत मोठे झालेले. ‘हंटरवाली’ची नादिया १९३५ मध्ये स्वतःच उड्या मारायची आणि जाळी, केबल असलं काही नसायचं. आज सोयी आहेत, तरी हिरोच्या जागी उड्या मारणाऱ्या डुप्लिकेटचं नाव शेवटच्या पाट्यांत बारीक अक्षरांत येतं, आणि तोवर आपण जिन्यात पोचलेलो असतो. हलक्या सिनेमाच्या प्रेमिकांनी भांडायचंच असेल तर या लोकांच्या विम्यासाठी आणि नावासाठी भांडावं. पण आपण एकदा ‘डोकं घरी ठेवा’ म्हटलं की ते डोकं कुणाचं फुटलं, हेही विचारता येत नाही.

पैशांचा आणि पडद्यांचा मुद्दा थोडक्यात आटोपतो, कारण तिथे माझं विरोधकांशी फारसं भांडण नाही. शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी कमी झाला, ५ टक्के. पण शनिवार-रविवारी मल्टिप्लेक्सात शंभराचं तिकीट शोधून दाखवा. पॉपकॉर्नचा भाव ऐकून द्राक्षवाल्याने, आपल्याला मक्याला काय भाव मिळतो ते जरा मोठ्यानेच विचारलं होतं. मोठा ॲक्शनपट आला की मराठी सिनेमाला सकाळी नऊचा नाहीतर दुपारचा आडवेळेचा शो मिळतो, हेही खरं. २०१५ मध्ये सरकारने मराठीला प्राइम टाइम देण्याचा निर्णय घेतला, त्यावर गदारोळ झाला, आणि प्रश्न आजही तिथेच आहे. पण हा दोष पडदे वाटणाऱ्यांचा आहे, सिनेमाच्या जातीचा नाही. मराठीत चांगला हलका ॲक्शनपट का निघत नाही, हा प्रश्न त्यापेक्षा जास्त बोचणारा आहे. कोठारेंनी तुटपुंज्या बजेटमध्ये ते करून दाखवलं होतं. नंतर आपण एक तर पाणावलेले सामाजिक चित्रपट काढले किंवा किल्ल्यांवर तलवारी उपसल्या. मधली जागा मोकळीच पडलीय आणि तिथे दक्षिणेचे सिनेमे हिंदीत डब होऊन खुशाल बसलेत.

सगळ्यात अवघड मुद्दा माझ्या बायकोने काढला, आणि तो अभिरुचीचा नव्हता. ‘‘तुम्ही पाच जण नऊच्या शोला जाता, मग पार्किंगमध्ये बारापर्यंत. त्या वेळी पाच घरांत कोण असतं?’’ यावर पुरुषांच्या मैत्रीचं माझं वरचं सगळं तत्त्वज्ञान क्षणात गारठतं. जुने मित्र म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर पुरुषच येतात, कारण रात्री निघायला परवानगी लागत नाही ती त्यांनाच. २०२३ मध्ये ‘बाईपण भारी देवा’ आला तेव्हा महाराष्ट्रभर बायका नथी घालून, साड्या नेसून, भिशीचे ग्रुपच्या ग्रुप करून थिएटरात गेल्या. तो ॲक्शनपट नव्हता, पण मैत्रिणींना एका रांगेत बसवण्याचं काम त्याने तितकंच चोख केलं. तेव्हा काही विद्वानांनी पटकथेतल्या त्रुटी मोजल्या. पण सिनेमा सुटल्यावर कितीतरी वर्षांनी एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून निघालेल्या बायकांच्या लेखी पटकथा हा मुद्दाच नव्हता.

त्यामुळे आमच्यात आता एक नवा करार झालाय. छाटणीच्या आधीचा एक शनिवार आमचा आणि एक त्यांचा. त्यांच्या शनिवारी स्वयंपाक, मुलं आणि सासूबाईंच्या गोळ्या आमच्याकडे. पहिल्या खेपेला त्या पाच जणींनी नेमका ॲक्शनपटच निवडला, तोही शेवटचा शो, आणि घरी यायला आमच्यापेक्षा उशीर केला. काय बोलत होतात एवढा वेळ, असं विचारल्यावर बायको म्हणाली, ‘‘काही नाही, त्या ट्रकबद्दल.’’